दुसरा वाचक

"एकशे बारा."

"आहे."

"किती?"

"चौतीस."

"एकशे सतरा."

"आहे. पण दोन आहेत."

"मग बघा कोणता ते."

मी बघितलं आणि एक आकडा सांगितला. माझ्या पाठीमागे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला आणि अंबुलकरबाईंनी पुढची उंची वाचली.

आम्ही पाठीला पाठ लावून बसत असू. नागपूरच्या एका संशोधन संस्थेतली ती लांबट खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, एका खिडकीत वाळ्याच्या पडद्यांचा कूलर, आणि मधोमध दोन प्रोजेक्टर, एकमेकांकडे पाठ करून ठेवलेले. एकाचा उजेड पूर्वेच्या भिंतीवर पडे, दुसऱ्याचा पश्चिमेच्या. पूर्वेच्या भिंतीसमोर त्या, पश्चिमेच्या भिंतीसमोर मी. भर उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही अंधारात बसून ठिपके मोजत होतो.

ठिपके कशाचे, ते सांगायला हवं. वितळलेला धातू साच्यात थिजतो तेव्हा तो एकदम थिजत नाही. आधी झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढतात आणि त्यांच्यामधून उरलेला द्रव फिरत राहतो. तो कसा फिरला यावर थिजलेला तुकडा सगळीकडे सारखा होणार, की आतून कुठेतरी कच्चा राहणार, हे ठरतं. पण धातूच्या आत दिसत नाही. म्हणून आम्ही काचेच्या चौकोनी पेटीत नवसागराचं पाणी घेत असू. ते खालून तांब्याच्या पत्र्याने गार केलं की धातूसारखेच फांद्याफांद्यांचे स्फटिक वर येतात, आणि त्यांच्यामधून हलक्या पाण्याची बारीक धार उदबत्तीच्या धुरासारखी वर चढते. पाण्यात प्लास्टिकची अगदी बारीक भुकटी टाकलेली असे. धारेभोवतीचं पाणी जिकडे जाई तिकडे ते कण जात.

पेटीसमोर एक कॅमेरा, बाजूला दुसरा. दोन्ही एकाच क्षणी टिपायचे. समोरच्या फोटोत कण किती डावीकडे-उजवीकडे आहे ते कळे, बाजूच्या फोटोत तो किती पुढे-मागे आहे ते. उंची दोन्हीत सारखीच. म्हणून त्या समोरच्या फोटोतल्या कणाची उंची मोठ्याने वाचत, मी बाजूच्या फोटोत त्या उंचीवर कण शोधे, आणि 'आहे' किंवा 'नाही' म्हणे. असला तर तो किती खोल आहे तो आकडा सांगे. मग लगेचचा पुढचा एक फोटो तसाच वाचायचा. कण कुठून कुठे गेला ते त्यावरून काढायचं.

कधीकधी एकाच उंचीवर दोन कण सापडत. त्यातला त्यांचा कोणता, हे मला ठरवावं लागे. त्यासाठी आमच्याकडे नियम नव्हता. डॉ. पाठराबे म्हणाले होते, "मनाला पटेल तो घ्या, मोहरील. शेकड्यांनी कण आहेत, इकडचं तिकडे होऊन बरोबर होतं."

पाठराबे हे हेमलता अंबुलकरांचे मार्गदर्शक आणि माझे साहेब. मी तिथे वैज्ञानिक सहायक होतो. वाचायला आवडे, बोलायला नाही, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला मागाहून शंका येत असे. संस्थेत तो विनोदाचा विषय होता. बाई म्हणत, "मोहरील, चहात साखर आहे की नाही यासाठी तुम्ही दोनदा घोट घेता. दुसऱ्यांदा कमी लागते का?" मी म्हणे, "कधीकधी लागते." त्यावर त्या हसत. ते हसणं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं फारसं नाही. मी भिंतीकडे तोंड करून असे.

बाई यवतमाळच्या एका महिला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. तीन वर्षांची रजा घेऊन नागपूरला आल्या होत्या, एका मैत्रिणीच्या घरी राहत होत्या. वय चौतीस-पस्तीस. लग्न झालेलं नव्हतं. जूनच्या अखेरीस रजा संपत होती आणि विद्यापीठातली नोंदणीही. तोवर प्रबंध गेला नाही तर त्या जशा आल्या तशा परत जाणार होत्या. शिवाय त्यांच्याच एका विद्यार्थिनीला मधल्या काळात डॉक्टरेट मिळाली होती आणि ती आता त्यांच्या विभागात वरच्या जागी बसणार होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दोन उंचींच्या मध्ये, आणि लगेच पुढचा आकडा वाचला.

"भाऊ म्हणतो, पाणी बघायला तीन वर्षं लागतात का?" असंही एकदा म्हणाल्या. "म्हटलं, तू रोज बघतोस ना, सांग बरं ते कुठे जातं."

त्यांचं म्हणणं असं होतं की धारेभोवतीचं पाणी सरळ खाली येत नाही, वळसा घेत येतं. तोपर्यंत लोकांनी हा प्रवाह फक्त समोरून पाहिला होता, आणि समोरून तो सपाट दिसतो. वळसा असला तर तो पुढे-मागे, म्हणजे बाजूच्या फोटोत, म्हणजे मी वाचत होतो त्या भिंतीवर दिसायला हवा होता.

एप्रिलच्या शेवटी, तोवर वाचलेल्या सगळ्या कणांची बेरीज-वजाबाकी झाली. बाई आलेख घेऊन पाठराब्यांच्या खोलीत गेल्या. मलाही बोलावलं होतं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आलेख डोळ्यांजवळ नेला.

"काय म्हणते तुमचं पाणी? वळून राहिलं का?"

"वळतंय, सर. पण थोडंच."

"थोडंच म्हणजे किती? चुकीच्या रेघेच्या आत आहे का बाहेर?"

"रेघेवर आहे."

मोजणीत जेवढी चूक धरून चालावं लागतं, तिची ती रेघ. साहेबांनी आलेख खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. "हे पाहा बाई, रेघेवर म्हणजे असेल किंवा नसेल. 'असेल किंवा नसेल'वर मी सही करीन, पण परीक्षक करणार नाही. तुम्हाला वाटते म्हणून पाणी वळत नाही ना बाप्पा."

"मला वाटतं म्हणून नाही, सर. मी पेटीसमोर बसून डोळ्यांनी पाहिलंय."

"मग ते आकड्यांत का नाही आलं?"

बाईंनी आलेख गुंडाळला. आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यात ऊन पांढरं पडलं होतं. त्या म्हणाल्या, "चला, निदान तिसरी फिल्म वाचून टाकू," आणि काही झालं नसल्यासारख्या त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसल्या.

मी माझ्या खुर्चीवर बसलो, पण प्रोजेक्टर लावला नाही. गेले काही आठवडे माझ्या मनात जे होतं ते आता बोललो नाही तर बोलणंच होणार नाही, असं वाटलं.

"बाई, माझ्या वाचनावर फार जाऊ नका."

"तुमची शंका मला पाठ आहे, मोहरील."

"ही तशी नाही. एका उंचीवर दोन असतात तेव्हा मी निवडतो. तेव्हा मला माहीत असतं, कोणता घेतला तर वळसा येईल आणि कोणता घेतला तर येणार नाही. न बघताही कळायला लागलं आहे आता. मला वाटतं, मी तुम्हाला हवा तो घेत असेन. जो थोडा वळसा आलाय, तोही कदाचित माझ्यामुळेच आला असेल."

पाठीमागे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

"मला हवा तो," त्या म्हणाल्या. "मी मागितला होता?"

"नाही."

"मग कशासाठी द्याल तुम्ही?"

मी प्रोजेक्टरची वायर सरळ केली.

"तीन वर्षं इथे मी पाण्याकडे बघतेय आणि तुम्ही माझ्याकडे बघून आकडे सांगताय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तुमच्याकडे बघून नाही," मी म्हणालो. "तुम्ही पाठीमागे असता."

हे मी विनोदाने बोललो नव्हतो, आणि त्यांनीही तसं घेतलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"उठा," त्या म्हणाल्या. "जागा बदला. मी बाजूचं वाचते. पहिल्यापासून."

मे महिना त्यात गेला. आता मी उंची वाचत होतो आणि त्या 'आहे' म्हणत होत्या. दोन सापडले की त्या 'दोन' एवढंच म्हणत आणि स्वतः निवडत. गप्पा जवळजवळ बंद झाल्या. चहा येई तेव्हा त्या कप घेऊन व्हरांड्यात उन्हात जाऊन उभ्या राहत. मी आतच पीत असे. मला वाटे, मी त्यांचं काम वाचवायला म्हणून बोललो, पण त्यांना त्यातून एवढंच कळलं की तीन वर्षांचं काम एका भरवसा नसलेल्या माणसाच्या हातात होतं. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

बेरीज झाली त्या दिवशी मला वाटत होतं की वळसा पुसला जाईल. तो पुसला गेला नाही. आधीच्या जवळजवळ दुप्पट आला. चुकीच्या रेघेच्या बराच बाहेर.

बाई आलेखाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत आलेखाकडे. आनंद झाल्यासारखं दिसलं नाही.

पाठराब्यांनाही झाला नाही. "मोहरीलनं वाचलं तर थोडं येते, तुम्ही वाचलं तर भरपूर येते," ते म्हणाले. "आता परीक्षक काय म्हणेल? म्हणेल, उमेदवारीणबाईंना जे पाहिजे होतं ते दिसलं. मीही तेच म्हणून राहिलो."

"मी माझ्याकडून—"

"तुमच्यावर आरोप नाही करत. पण तुमच्या दोघांपैकी कोणीतरी पाण्याला धक्का देऊन राहिलं. कोण, ते पाण्यालाच विचारलं पाहिजे." ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. "दोन कण एका उंचीवर दिसले, बरोबर? आणखी पुढच्या फोटोंत ते दोघं एकाच उंचीवर थोडीच राहतील. एक वर जाईल, एक खाली. तुमचा समोरचा कण जिकडे गेला, त्याच्यासंगं जो गेला तो त्याचा. पुढचे फोटो आहेत ना?"

पुढचे फोटो होते. फिल्मवर होते, पण एकेका कणाचे लागोपाठचे दोनच फोटो आम्ही वाचत होतो, त्यापुढचे वाचलेले नव्हते. जोड्या वाचतानाच वर्ष संपत होतं, आणि शेकड्यांत इकडचं तिकडे होऊन बरोबर होतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

"फक्त दोनवाले काढा," साहेब म्हणाले. "एकवाल्यांबद्दल भांडण नाही."

ते काम आम्ही त्यांच्यासमोर केलं. साहेबांनी स्वतः मधे खुर्ची टाकली, मांडीवर पाटीसारखा पुठ्ठा घेतला आणि आमचं काही न ऐकता प्रत्येक कण पुढच्या फोटोत कुठे गेला ते बघून खूण केली. दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी मधेच ते खूण करायचे थांबले, पुठ्ठा दिव्याजवळ नेला आणि म्हणाले, "हे काय आहे?"

मग पडदे उघडायला सांगितले. उजेडात आम्ही तिघंही डोळे चोळत होतो.

"बाई बहुतेक ठिकाणी बरोबर आहेत," ते म्हणाले. "थोड्या चुकल्या, पण इकडे चुकल्या तशा तिकडेही. माणूस असाच चुकतो." त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे वळवला. "तुम्ही पाहा, मोहरील. तुम्ही जवळजवळ दरवेळी चुकले. आणि दरवेळी एकाच बाजूला. नाणं उडवलं असतं तरी अर्धे बरोबर आले असते तुमचे. तुम्ही चुकायला मेहनत केलेली दिसते."

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. खुणा सरळ होत्या. ज्या ज्या ठिकाणी दोन कण होते आणि त्यातला एक घेतल्याने वळसा दिसला असता, त्या त्या ठिकाणी मी दुसरा घेतला होता.

"तुम्ही तर म्हणत होते की बाईंना पाहिजे तो घेऊन राहिलो," साहेब म्हणाले. हे त्यांना बाईंनी सांगितलं असणार. "हे तर उलटं निघालं. बाईंना जो नको, तो शोधून शोधून घेतला. असं का केलं?"

"माहीत नाही, सर."

"एक तर तुमचं यांच्याशी वैर असलं पाहिजे," साहेब हसत म्हणाले. "नाहीतर मग—"

ते तिथे थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. पुठ्ठा टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "पाणी वळून राहिलं, बाई. चांगलं वळून राहिलं. लिहायला बसा."

ते गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. बाई प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळायला लागल्या. मी फिल्मचे डबे लावायला घेतले. ते लावलेलेच होते.

प्रबंध वेळेत गेला, पदवी मिळाली. हेमलता अंबुलकर यवतमाळला परत गेल्या आणि पुढे विभागप्रमुख होऊन निवृत्त झाल्या, असं मी ऐकलं. त्या वळशाच्या मोजणीला नंतर दुसऱ्या लोकांनी जास्त चांगली साधनं वापरून दुजोरा दिला. ते मी वाचलं आहे. पण प्रबंध टायपिंगला जाण्याआधीचा एक प्रसंग राहिला. मी ही गोष्ट लिहायला घेतली ती त्याच प्रसंगासाठी, आणि आता तिथवर आल्यावर तो फार लहान वाटतो आहे.

जूनचा पहिला किंवा दुसरा आठवडा असेल. काळे पडदे काढून धुवायला दिले होते. बाईंनी टेबल खिडकीशी ओढलं होतं आणि त्या शेवटचा मजकूर लिहीत होत्या. मला बोलावलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बसलो. त्या खोलीत समोरासमोर बसायची आमची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या उजव्या भुवईत एक बारीक जुना व्रण होता. इतके महिने एका खोलीत बसून मी तो पाहिला नव्हता.

"सर म्हणतात, पहिलं वाचन लपवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही वाचनं द्यायची आणि पहिलं का सोडलं त्याचं कारण लिहायचं. परीक्षक आधी तेच विचारणार."

"बरोबर आहे."

"तुमचं नाव नाही. 'दुसरा वाचक' असं लिहिलंय." प्रबंध इंग्रजीत होता. त्यांनी वाक्य मला मराठीत सांगितलं. "'दोन कण समान उंचीवर असताना दुसऱ्या वाचकाने सातत्याने प्रतिकूल कण निवडला. याचे कारण.' इथे थांबलेय. काय लिहू?"

"डोळे लिहा."

"डोळे एकाच बाजूला चुकत नाहीत."

"थकवा."

"थकल्यावर माणूस सोपं असतं ते करतो. तुम्ही अवघड होतं ते करत होता. प्रत्येक वेळी आधी ओळखायचं मला काय हवंय ते, आणि मग ते टाळायचं. माझ्या आईला नाही जमत एवढं ओळखायला."

त्या थोडं हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला असेन.

"तुम्ही मला म्हणालात, मी तुम्हाला हवा तो घेतोय असं वाटतं. मला तेव्हा राग आला होता."

"दिसला होता."

"पाठीमागून?"

"चहा बाहेर प्यायला जायचात."

"हं." त्या पेनचं टोपण फिरवत राहिल्या. "ज्या माणसाला अशी भीती वाटते की आपण कुणाच्या तरी बाजूने झुकू, तो उलट्या बाजूला झुकतो. हे मला समजलं. पुठ्ठा बघितला तेव्हाच समजलं. पण आपण झुकू अशी भीती त्याला मुळात का वाटावी?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आवारात माळी रोपांना पाणी घालत होता. मी पुस्तकं बरीच वाचली होती, आणि अशा जागी माणसं काय बोलतात ते मला ठाऊक होतं. त्यातलं काही मला माझं वाटलं नाही. शिवाय नुकतंच असं सिद्ध झालं होतं की दोन दिसत असताना मी जो निवडतो तो नेमका चुकीचा असतो.

"तुमचं काम माझ्यामुळे बिघडेल, याची भीती," मी म्हणालो.

ते खरंच होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग पुढचं ऐकायचं असावं तशा बसून राहिल्या. पेन कागदापासून वर होतं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी मी वेळ मोजत नव्हतो.

शेवटी त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

"'याचे कारण निश्चित करता आले नाही.' चालेल?"

"चालेल."

"बघा. एकदा टाईप झालं की बदलता येणार नाही."

"चालेल," मी म्हणालो.

त्यांनी पान उलटलं, पुढचं समोर घेतलं आणि वापरलेल्या नवसागराची शुद्धता किती होती ते विचारलं. ते मला तोंडपाठ होतं. मी सांगितलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.